तुझ्यावर राज्य

फायर ब्रिगेडच्या क्वार्टर्समध्ये वाढले मी, भायखळ्याला.
लपाछपीत शोधणाऱ्यावर राज्य यायचं
आणि ते कोणालाच नको असायचं.
राज्य म्हणजे भिंतीकडे तोंड,
शंभरपर्यंत एकटीने मोजणं.

आता एक्केचाळिसाव्या वर्षी, विक्रोळीत,
रात्री पावणेबाराला ओटा पुसून झाला
की लॅपटॉप उघडते
आणि हौसेने राज्य घेते.
चौदा गावं, दोन खाणी,
एक पंख फाटलेला गरुड,
उत्तरेला दलदल, आणि दलदलीत तो हाडांचा राजा,
ज्याच्याशी केलेला तह कधी टिकत नाही.

सहा कोनांची घरं, पोळ्यातल्यासारखी.
भालदार सपाटीवर तीन घरं चालतो,
चढावर दोन, चिखलात एक.
मला पाठ आहे,
जसं दिवसा पाठ असतं
मोठा बंब कुठल्या गल्लीत कुठवर शिरतो
आणि कुठून पुढे पाइप खांद्यावर.

पाळी या शब्दाचे दोन अर्थ आधीच ठाऊक होते मला,
दोन्हींत आपल्याला कोणी विचारत नाही.
तिसरा या खेळाने शिकवला.

कंट्रोल रूमला वर्दी येते तेव्हा
बाई अर्धाच पत्ता सांगते. देवळाच्या मागे.
कुठल्या देवळाच्या?
माझं बोट नकाशावर फिरतं तोवर
आग तिची तिची चाललेली असते,
माझी खेळी, तिची खेळी, असं काही नसतं.

इथे हाडांचा राजा थांबतो.
फौज वेशीवर, तलवारी उगारलेल्या,
घोड्याचा एक पाय हवेत,
आणि मी उठून उद्याचे चणे भिजत घालते,
आईच्या गुडघ्याला तेल लावते.
येऊन बघते तर पाय हवेतच.
इतका मान मला दुसऱ्या कुठल्या राजाने दिलेला नाही.

भाचा ओजस शेजारी बसला एकदा, दहा मिनिटं.
म्हणाला, आत्या, यात काही होतच नाही.
होतं रे. माझा विचार झाला की होतं.
विसाव्या खेळीला पेरायचं,
साठाव्या खेळीला कापायचं,
मधल्या चाळीस खेळ्या कोणाला सांगायचं नाही.

लवू नावाचा भालदार होता माझा. नाव मीच ठेवलेलं.
आठ होनांचा, बिनकवचाचा.
ओढ्याच्या उताराशी उभा केला त्याला,
मागच्या टेकडीवर तिरंदाज चढेपर्यंत
एक, एकच पाळी धर म्हटलं.
वाचायची शक्यता बासष्ट टक्के.
मेला.
मागे जाऊन पुन्हा खेळले, मेला.
नऊ वेळा, नऊ तऱ्हांनी.
दहाव्यांदा वाचला, आणि मी
सेव्ह न करता लॅपटॉप मिटला.

मार्चमधली ती वर्दी. चार मजले, लाकडी जिना.
शिडीची गाडी आधी पाठवायला हवी होती.
चार मिनिटं.
अहवालात ठपका नाही माझ्यावर, साहेबांनी तसं लिहून दिलंय.
मी त्या चार मिनिटांत
अजून तांदूळ निवडत बसते कधीकधी.

खेळात उजव्या कोपऱ्यात बटण आहे, पाळी संपवायचं.
दाबलं तर तो विचारतो:
दोन तुकड्या अजून हलल्या नाहीत. नक्की?
मग मी बघते. खरंच असतात दोघं,
कुठल्यातरी गढीच्या सावलीत,
मी विसरलेले.

काल दुपारी तीनला निवळकर आली, डबा ठेवला,
माझ्या खुर्चीत बसली. हेडफोन अजून गरम होता.
गाड्या कुठे कुठे आहेत ते सांगितलं,
मग दारातून परत फिरले,
उभ्या असलेल्या दोन पुन्हा सांगितल्या.
कळलं गं, म्हणाली. जा आता.

फुटपाथच्या पेव्हर ब्लॉकवर
पहिली तीन घरं मी मोजून चालले.
सपाटी होती.